वाचकांचे प्रश्न : लिंकरची मॅप फाइल आणि मायक्रोकंट्रोलरमधली अपुरी जागा

मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम कंपाइल होऊन जोडला जातो, तेव्हा कोणते फंक्शन, कोणते व्हेरिएबल आणि लायब्ररीचा कोणता तुकडा कोणत्या पत्त्यावर ठेवला याची सविस्तर नोंद लिंकर (हे तुकडे जोडणारे साधन), मागितल्यास, एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून देतो. या मॅप फाइलीविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरे प्रामुख्याने जीएनयू साधनांना, म्हणजे जीसीसी आणि त्याच्या लिंकरला धरून आहेत.

प्रश्न : मी एसटीएम३२एफ१०३सी८ या चिपवर शीतगृहातील तापमान एसडी कार्डावर नोंदवणारे यंत्र तयार करीत आहे. माझा स्वतःचा कोड फार मोठा नाही. प्रिंटएफने दशांश अपूर्णांक छापले जात नव्हते, म्हणून प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये नॅनो लायब्ररीसाठी (सीच्या लायब्ररीची आटोपशीर आवृत्ती) असलेली दशांशाची सोय चालू केली, तेव्हापासून फ्लॅश (प्रोग्रॅम साठवण्याची मेमरी) ओव्हरफ्लो झाल्याचा संदेश येतो आणि बिल्ड पूर्ण होत नाही. कोडमधील काय कमी करावे?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आपला कोड इतक्यात कमी करू नका. अशा प्रसंगी बहुतेक जण स्वतःची फंक्शने आखडू लागतात, कारण तीच डोळ्यांसमोर असतात. आणि दोन दिवस खर्च करून चारशे बाइट वाचवतात. जागा खाणारे बहुधा आपण न लिहिलेले, आपल्या एखाद्या ओळीमुळे ओढले गेलेले काही तरी असते, आणि ते कोणी ओढले हे सांगणारी एकमेव सोयीची जागा म्हणजे मॅप फाइल.

आधी बिल्ड पूर्ण होऊ द्यावे. त्यासाठी लिंकर स्क्रिप्टमधील मेमरीच्या भागात फ्लॅशची लांबी तात्पुरती ६४ केबींऐवजी १२८ केबी लिहावी आणि अशी इमेज चिपमध्ये न टाकता फक्त तिची मॅप फाइल वाचावी. (या जातीच्या अनेक चिपांवर वरच्या ६४ केबींतही लिहिता येते असा अनुभव सांगितला जातो, पण डेटाशीट ६४ केबींचीच हमी देते, आणि विकायच्या यंत्रात हमी नसलेल्या जागेवर कोड ठेवू नये.) जीसीसीमार्फत लिंकरला ‘मॅप’ आणि ‘क्रेफ’ हे दोन पर्याय द्यावेत. पहिल्याने फाइल तयार होते, तर दुसऱ्याने तिच्या शेवटी परस्परसंदर्भांचा तक्ता जोडला जातो. हा तक्ता पुढे उपयोगी पडणार आहे.

फाइल उघडल्यावर सर्वांत वर ‘आर्काइव्ह मेंबर इन्क्लूडेड’ या शब्दांनी सुरू होणारा भाग दिसेल. पुष्कळ जण तो वगळून थेट पत्त्यांकडे जातात, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर याच भागात आहे. येथे प्रत्येक नोंदीत आधी लायब्ररी आणि तिच्यातील ऑब्जेक्ट फाइल असते, आणि तिच्या पाठोपाठ, ती कोणत्या फाइलीने, कोणत्या सिंबॉलसाठी, म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावासाठी, मागितली हे असते. आपल्या बाबतीत ही साखळी साधारण अशी दिसेल : दशांशाची सोय चालू केल्यामुळे नॅनो लायब्ररीतील व्हीएफप्रिंटएफ-फ्लोट ही फाइल आली, तिने अपूर्णांकाचे दशमान अंकांत रूपांतर करणारे डीटीओए मागितले, डीटीओएने मोठ्या पूर्णांकांचे गणित करणारी एमप्रेक ही फाइल मागितली, तिला जागा हवी म्हणून कॅलॉक, कॅलॉकला मॅलॉक आणि मॅलॉकला एसबीआरके लागले. शिवाय एफ१०३ मधील कॉर्टेक्स-एम३ गाभ्यात अपूर्णांकांचे गणित करणारे हार्डवेअर नाही, त्यामुळे दुहेरी अचूकतेच्या बेरीज, गुणाकार, भागाकार आणि तुलना यांची, कंपायलरच्या लिबजीसीसी या मदतनीस लायब्ररीतील फंक्शनेही त्यांच्यामागून आली. सेटिंगमधील एका खुणेने एवढे सगळे आत आले, आणि त्यात हीपही (प्रोग्रॅम चालू असताना मागून घ्यायच्या रॅमचा साठा) आला, जो आपण कदाचित जाणूनबुजून टाळला असेल.

या भागाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, नाही तर निष्कर्ष चुकतो. एक म्हणजे येथे केवळ पहिल्या मागणाऱ्याचे नाव असते. मेन फाइलीतील प्रिंटएफ काढले आणि तरीही व्हीएफप्रिंटएफ तसेच राहिले, तर नव्या मॅप फाइलीत त्याच जागी दुसऱ्या कोणाचे तरी नाव आलेले दिसेल. एकेक नाव खोडत बसण्यापेक्षा शेवटच्या परस्परसंदर्भ तक्त्यात तो सिंबॉल शोधावा. तेथे व्याख्या असलेली फाइल आधी आणि त्या सिंबॉलचा उल्लेख करणाऱ्या सर्व फाइली तिच्याखाली असतात. दुसरे असे की एखादी ऑब्जेक्ट फाइल यादीत आहे म्हणून तिच्यातील प्रत्येक बाइट फ्लॅशमध्ये गेलाच असे नाही, कारण न वापरलेले सेक्शन (कोड किंवा डेटाचे नाव दिलेले तुकडे) लिंकर नंतर टाकून देऊ शकतो. प्रत्यक्षात किती जागा गेली हे खाली, मेमरीच्या नकाशाच्या भागात, त्या फाइलीच्या नावासमोरच्या आकड्यावरूनच ठरवावे.

आता उपाय. तापमान छापण्यासाठी आपल्याला अपूर्णांकांची गरजच नाही. मापन शतांश अंशांत पूर्णांक म्हणून ठेवावे, म्हणजे २७.३५ अंशांसाठी २७३५, आणि छापताना शंभराने भागून भागाकार व बाकी वेगवेगळे छापावेत. बाकी दोन अंकी राहील अशी शून्यभरण द्यावी. शीतगृह म्हटल्यावर उणे तापमान येणारच, आणि येथे एक खाच आहे : उणे ०.०५ अंशांचा भागाकार शून्य येतो आणि शून्याला चिन्ह नसते, म्हणून चिन्ह वेगळे छापून उरलेले गणित निरपेक्ष मूल्यावर करावे. एवढे झाले की दशांशाची सोय बंद करावी, नवी मॅप फाइल जुन्या फाइलीशी ताडून पाहावी आणि डीटीओए गेले याची खात्री करावी.

डीटीओए गेले पण दुहेरी अचूकतेचा गुणाकार राहिला, असेही होऊ शकते. परस्परसंदर्भ तक्त्यात त्या फंक्शनखाली आपल्याच सेन्सरच्या फाइलीचे नाव दिसले, तर कोडमध्ये कोठे तरी ३.३ असा अंक ‘एफ’ हे अक्षर न जोडता लिहिलेला असतो. सी भाषेत असा अंक दुहेरी अचूकतेचा मानला जातो आणि समोरचे व्हेरिएबल एकेरी अचूकतेचे असले तरी सारे गणित दुहेरीत होते. कंपायलरचा ‘डबल-प्रमोशन’ हा इशारा चालू ठेवला की अशा जागा तो स्वतःच दाखवतो.

तिसरा संशयित असर्ट, म्हणजे एखादी अट खरी आहे का हे तपासणारा मॅक्रो. न्यूलिबमध्ये, म्हणजे येथे वापरात असलेल्या सी लायब्ररीत, असर्ट फसल्यावर संदेश छापण्यासाठी छपाईचेच फंक्शन वापरले जाते, त्यामुळे कोडमधील सर्व प्रिंटएफ काढूनही छपाईची यंत्रणा आत राहते आणि माणूस चक्रावतो. त्यावर अंतिम बिल्डमध्ये असर्ट बंद करणे हा एक मार्ग आहे, आणि असर्ट फसल्यावर बोलावले जाणारे फंक्शन स्वतः लिहून त्यात फक्त यंत्र रीसेट करणे हा दुसरा. मला दुसरा अधिक पटतो, कारण शीतगृहातील यंत्रात चूक निमूटपणे पुढे जाऊ देण्यापेक्षा रीसेट बरा.

आपण स्वतः मेकफाइल लिहिली असेल तर आणखी एक तपासावे. वापरात नसलेला कोड वगळण्यासाठी दोन पर्याय जोडीने लागतात : कंपायलरला ‘फंक्शन-सेक्शन्स’ आणि ‘डेटा-सेक्शन्स’, आणि लिंकरला ‘जीसी-सेक्शन्स’. फक्त लिंकरचा पर्याय दिला तर एका फाइलीतील सर्व फंक्शने एकाच सेक्शनमध्ये राहतात, आणि त्यांतील एक वापरले तरी सर्वच्या सर्व आत येतात. मॅप फाइलीतील ‘डिस्कार्डेड इनपुट सेक्शन्स’ हा भाग जवळजवळ रिकामा दिसला, तर यांतील काही तरी राहून गेले आहे असे समजावे.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकासाठी मी आर्डुइनो उनो आणि १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा लहान डिस्प्ले वापरून मराठी अक्षरे दाखवण्याचा प्रयत्न करीत आहे. प्रत्येक अक्षराचा १६ गुणिले १६ ठिपक्यांचा आराखडा, अशी ३६ अक्षरांची सारणी केली आणि ती ‘कॉन्स्ट’ म्हणून घोषित केली. आर्डुइनोची खिडकी सांगते की ग्लोबल व्हेरिएबल १५६० बाइट, म्हणजे ७६ टक्के रॅम वापरतात. तरीही डिस्प्ले सुरूच होत नाही. सारणी काढली की तोच डिस्प्ले इंग्रजी मजकूर नीट दाखवतो.
— अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे. एका अक्षराला ३२ बाइट, म्हणून ३६ अक्षरांना ११५२ बाइट. उनोवरील एटीमेगा३२८पी या चिपमध्ये रॅम २०४८ बाइट आहे. ७६ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण तो अपुरा आहे, कारण त्यात फक्त लिंकरने जागा नेमून दिलेली व्हेरिएबल मोजलेली असतात. डिस्प्लेच्या प्रतिमेसाठी १२८ गुणिले ६४ भागिले ८, म्हणजे १०२४ बाइटांचा बफर लागतो, आणि डिस्प्लेच्या काही प्रचलित लायब्ऱ्या तो प्रोग्रॅम चालू झाल्यावर मॅलॉकने घेतात. आपली लायब्ररी तशी असावी. शिल्लक ४८८ बाइट, मागणी १०२४ बाइटांची. मॅलॉक नकार देते आणि डिस्प्ले सुरू करणारे फंक्शन ‘फॉल्स’ परत करते. आपण ते परत आलेले उत्तर तपासत नसाल, तर बाहेरून फक्त काळा पडदा दिसतो. मॅलॉकने घेतलेली जागा मॅप फाइलीत कधीच दिसत नाही, हे या निमित्ताने पक्के ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्दा असा की ‘कॉन्स्ट’ लिहूनही सारणी रॅममध्ये का गेली? एसटीएम३२ सारख्या एआरएम चिपांवर फ्लॅश आणि रॅम एकाच पत्त्यांच्या अवकाशात असतात, म्हणून कॉन्स्ट सारणी सरळ फ्लॅशमधून वाचता येते आणि लिंकर तिला ‘आरओडेटा’ सेक्शनसह फ्लॅशमध्येच ठेवतो. एव्हीआर चिपांची रचना वेगळी आहे. तेथे प्रोग्रॅमची मेमरी आणि डेटाची मेमरी यांचे पत्ते स्वतंत्र असतात आणि फ्लॅशमधून डेटा वाचायला वेगळी सूचना लागते. साध्या पॉइंटरने वाचता यावे म्हणून एटीमेगा३२८पी वर कॉन्स्ट डेटासुद्धा ‘डेटा’ सेक्शनमध्ये जातो, म्हणजे त्याची मूळ प्रत फ्लॅशमध्ये राहते आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती रॅममध्ये उतरवली जाते. जागा दोन्हीकडे जाते.

मॅप फाइलीत हे डोळ्यांना दिसते. आर्डुइनो आपणहून मॅप फाइल बनवत नाही; पण बोर्डाच्या फोल्डरमध्ये प्लॅटफॉर्मची स्थानिक सेटिंग फाइल ठेवून लिंकरला जादा पर्याय देता येतो. त्या फाइलीत आपल्या सारणीचे नाव शोधा. तिच्यासमोर हेक्समधील ८००१०० च्या पुढचा पत्ता दिसेल. त्यातील ८००००० हा भाग केवळ रॅमचे पत्ते फ्लॅशच्या पत्त्यांत मिसळू नयेत म्हणून साधनांनी लावलेला उपसर्ग आहे. तो वजा केला की १०० उरते आणि या चिपमधली रॅम हेक्समधील १०० पासूनच सुरू होते. उपसर्ग पाहून पत्ता चुकीचा आहे असे समजू नये.

सारणी घोषित करताना ‘प्रोगमेम’ हा शब्द जोडावा आणि वाचताना प्रत्येक बाइट ‘पीजीएम-रीड-बाइट’ने वाचावा. दुसरे विसरले तर कंपायलर बहुधा तक्रार करत नाही आणि पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा दिसतो, कारण फ्लॅशचा पत्ता रॅमचा समजून वाचला जातो. कोडमधील छापील संदेश ‘एफ’ मॅक्रोत गुंडाळावेत. तेही सध्या रॅम अडवून बसले असतील. नंतर मॅप फाइलीत सारणी प्रोगमेमच्या सेक्शनखाली, लहान पत्त्यावर, म्हणजे फ्लॅशमध्ये गेलेली दिसली पाहिजे. बूटलोडरचे ५१२ बाइट वजा जाता उनोवर प्रोग्रॅमसाठी ३२,२५६ बाइट मिळतात, तेव्हा मात्रा आणि जोडाक्षरे धरून सारणी पाच-सहापट वाढली तरी तेथे अडचण नसावी. मराठीसाठी ३६ आराखडे अखेर पुरणार नाहीतच. युनिकोडमधील देवनागरीचा मुख्य गट १२८ स्थानांचा आहे आणि जोडाक्षरांचे आराखडे त्याबाहेरचे.

एआरएम चिप वापरणाऱ्यांनाही येथून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. संदेशांची यादी ‘कॉन्स्ट चार पॉइंटर’ची अ‍ॅरे म्हणून लिहिली, तर अक्षरे फ्लॅशमध्ये राहतात पण पॉइंटरांची अ‍ॅरे स्वतः कॉन्स्ट नसल्यामुळे ‘डेटा’ सेक्शनमध्ये, म्हणजे रॅममध्ये, जाऊ शकते. चांदणीनंतर दुसऱ्यांदा कॉन्स्ट लिहिले की तीही फ्लॅशमध्ये जाते. तसेच चार हजार बाइटांच्या बफरच्या पहिल्याच घरात आरंभी १ ठेवला, तर संपूर्ण बफर ‘बीएसएस’मधून, म्हणजे शून्याने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलांच्या सेक्शनमधून, ‘डेटा’मध्ये जातो आणि फ्लॅशमध्येही चार हजार बाइट खर्च होतात, त्यांतले जवळजवळ सगळे शून्य. तो १ प्रोग्रॅम सुरू झाल्यावर लिहावा.

प्रश्न : माझ्या प्रकल्पाची ईएलएफ फाइल १ एमबीपेक्षा मोठी आहे आणि हेक्स फाइल १२० केबींची, तरीही प्रोग्रॅम ६४ केबींच्या चिपमध्ये बसतो आणि चालतो. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. ईएलएफ ही लिंकरने तयार केलेली मूळ फाइल. तिच्यात डीबगची, म्हणजे चुका शोधण्यासाठीची, माहिती असते, ती चिपमध्ये जात नाही. इंटेल हेक्स ही मजकुराची फाइल असून १६ बाइटांच्या एका ओळीसाठी तिच्यात ४३ अक्षरे आणि ओळ संपल्याचे चिन्ह लागते, म्हणून ती खऱ्या आकाराच्या पावणेतीनपट भरते. आपला प्रोग्रॅम ४३-४४ केबींचा असणार. नेमका आकडा ‘साइझ’ या साधनाने मिळतो. त्याच्या नेहमीच्या तक्त्यात टेक्स्ट आणि डेटा यांची बेरीज म्हणजे फ्लॅश, तर डेटा आणि बीएसएस यांची बेरीज म्हणजे रॅम. तेथील टेक्स्टमध्ये कोडबरोबर फक्त वाचण्याचा डेटाही धरलेला असतो.

प्रश्न : एसटीएम३२ वर टायमर-२ चा इंटरप्ट सुरू केला की प्रोग्रॅम थिजतो. हँडलर फंक्शनचे नाव मी स्टार्टअप फाइलीतून जसेच्या तसे उतरवले आहे. हाच कोड पूर्वी सीमध्ये चालत होता. काही क्लास वापरायचे म्हणून फाइलीचे नाव बदलून सी-प्लस-प्लसचे केले, एवढाच फरक आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण आपण सांगितलेल्या ‘एवढ्याच फरका’त आहे. स्टार्टअप फाइलीत प्रत्येक इंटरप्टच्या (चालू काम थांबवून हँडलर चालवायला लावणाऱ्या इशाऱ्याच्या) नावाने एक ‘वीक’ सिंबॉल असतो आणि ते सर्व डीफॉल्ट हँडलर या एकाच फंक्शनकडे बोट दाखवतात, ज्यात फक्त अनंत फेरा असतो. त्याच नावाचे खरे फंक्शन आपण लिहिले की ते वीक सिंबॉलची जागा घेते. सी-प्लस-प्लसचा कंपायलर मात्र फंक्शनचे नाव बदलून साठवतो : आधी अंडरस्कोर आणि झेड, मग मूळ नावातील अक्षरसंख्या, जी येथे १५ आहे, मग मूळ नाव, आणि शेवटी पॅरामीटर नसल्याचे सांगणारे व्ही. लिंकरच्या दृष्टीने हे वेगळेच फंक्शन आहे. त्याला कोणी बोलावत नाही, म्हणून तो ते टाकून देतो, आणि इंटरप्ट आला की प्रोसेसर अनंत फेऱ्यात जातो.

मॅप फाइलीत हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो. टायमर-२ च्या हँडलरचे नाव शोधा. तो डीफॉल्ट हँडलरच्या सेक्शनखाली, इतर अनेक इंटरप्टांच्या नावांबरोबर, एकाच पत्त्यावर दिसला, तर आपले फंक्शन जोडलेच गेलेले नाही. आणि तेच फंक्शन बदललेल्या नावाने टाकून दिलेल्या सेक्शनांच्या यादीत सापडेल. हँडलरच्या आधी ‘एक्स्टर्न सी’ लिहिले की पुढच्या मॅप फाइलीत त्याला स्वतःचा पत्ता मिळालेला दिसेल.

हेच लक्षण आणखी एका कारणाने दिसते, आणि ते शोधायला अधिक अवघड असते. हँडलर एखाद्या स्टॅटिक लायब्ररीत ठेवलेला असेल, तर नाव अगदी बरोबर असूनही तो आत येत नाही. लिंकर लायब्ररी उघडतो ती न सुटलेल्या नावांसाठी. हे नाव तर स्टार्टअप फाइलीतील वीक सिंबॉलने आधीच सुटलेले असते, त्यामुळे त्याच्यासाठी लायब्ररीतील फाइल बाहेर काढली जात नाही. मॅप फाइलीच्या पहिल्या भागात त्या ऑब्जेक्ट फाइलीचे नाव नसणे हाच पुरावा. अशी फाइल लायब्ररीबाहेर ठेवून थेट जोडावी.

प्रश्न : मॅप फाइलीनुसार माझा प्रोग्रॅम २० केबींपैकी सुमारे १६ केबी रॅम वापरतो. चार केबी मोकळी असूनही एक व्हेरिएबल अधूनमधून आपोआप बदलते. त्या व्हेरिएबलला हात लावणारी प्रत्येक ओळ मी तपासली आहे.
— एम्बेडेड क्षेत्रात काम करणारी वाचक, बंगळुरू

उत्तर : त्या व्हेरिएबलच्या ओळी तपासणे आता पुरे, त्याचे शेजारी तपासा. मॅप फाइलीत त्याचा पत्ता काढा आणि त्याच्या लगेच आधी, म्हणजे कमी पत्त्यावर, कोण आहे ते पाहा. तेथे एखादी अ‍ॅरे असेल तर तिच्या हद्दीबाहेरचे लेखन चढत्या पत्त्यांकडे जाते आणि पहिला फटका आपल्या व्हेरिएबललाच बसतो. स्टॅटिक व्हेरिएबलांची नावे जीएनयूच्या मॅप फाइलीत एरवी येत नाहीत. ‘डेटा-सेक्शन्स’ पर्याय चालू असेल तर ती सेक्शनच्या नावात दिसतात, म्हणून तो चालू ठेवूनच हा शोध घ्यावा. दोन नोंदींच्या मध्ये ‘फिल’ असे दिसले तर ती पत्ते ठरावीक पटीत आणण्यासाठी सोडलेली रिकामी जागा आहे.

शेजारी निर्दोष निघाले आणि ते व्हेरिएबल ‘बीएसएस’च्या अगदी शेवटी असले, तर संशय स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांची स्थानिक व्हेरिएबल आणि परतीचे पत्ते ठेवण्याच्या जागेवर, जातो. आपली चिप पहिल्या प्रश्नातलीच धरली, तर तिच्यावर स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून, हेक्समधील २०००५००० पासून, खाली वाढतो आणि त्याची खरी खोली मॅप फाइलीत कोठेही नसते. लिंकर स्क्रिप्टमधील किमान स्टॅकचा आकडा, जो क्यूबआयडीई या एसटीएम३२ साठीच्या विकास-साधनाच्या नमुना स्क्रिप्टमध्ये हेक्समधील ४००, म्हणजे १०२४ बाइट असतो, तो फक्त जोडणीच्या वेळी एवढी जागा शिल्लक आहे ना एवढेच पाहतो. प्रोग्रॅम चालू असताना त्या मर्यादेवर कोणाचीही नजर नसते, आणि कॉर्टेक्स-एम३ मध्ये स्टॅकची मर्यादा धरणारा रजिस्टरही नाही. मोकळे चार केबी म्हणजे स्टॅक आणि हीप या दोघांचे सामाईक अंगण. कोणी कोठवर यायचे हे तेथे आखलेले नसते.

जीसीसीचा ‘स्टॅक-युसेज’ पर्याय प्रत्येक फंक्शनला किती बाइट स्टॅक लागतो याची वेगळी फाइल देतो. कोण कोणाला बोलावते ते धरून सर्वांत खोल वाटेची बेरीज करावी आणि तीत इंटरप्टांची भर घालावी. त्याबरोबरच प्रोग्रॅम सुरू होताच मोकळी जागा एखाद्या ठरावीक आकड्याने भरून ठेवावी आणि यंत्र पुरेसे चालल्यावर तो आकडा कोठपर्यंत पुसला गेला ते डीबगरने पाहावे. बेरीज आणि निरीक्षण यांच्यात मोठी तफावत आली, तर फंक्शन पॉइंटर किंवा स्वतःलाच बोलावणारे फंक्शन बेरजेतून सुटले आहे असे समजावे.

आपण फ्रीआरटॉस ही छोटी कार्यप्रणाली वापरत असाल तर चित्र थोडे बदलते. हीप-४ ही नेहमीची पद्धत असल्यास प्रत्येक टास्कचा स्टॅक ‘यूसीहीप’ या एका मोठ्या अ‍ॅरेतून कापून दिला जातो आणि मॅप फाइलीत फक्त ती अ‍ॅरे दिसते. टास्क तयार करताना स्टॅकची खोली बाइटांत नव्हे, शब्दांत द्यायची असते. या चिपवर १२८ लिहिले म्हणजे ५१२ बाइट.

प्रश्न : केल आणि आयएआर ही व्यावसायिक साधने वापरणाऱ्यांना हे सर्व लागू पडते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तत्त्व तेच, मांडणी वेगळी. केलच्या मॅप फाइलीत न वापरलेल्या सेक्शनांची यादी आधी येते आणि शेवटी प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीचा कोड, फक्त वाचण्याचा डेटा, आरंभमूल्य असलेला डेटा आणि शून्याने भरायचा डेटा असे रकाने असलेला तक्ता येतो. तेथून सुरुवात करावी. आयएआरमध्ये हेच काम मॉड्यूल समरी हा भाग करतो. या दोहोंची फाइल जीएनयूपेक्षा वाचायला सुटसुटीत आहे, हे मान्य केले पाहिजे. जीसीसीमध्ये जोडणीच्या वेळचे ऑप्टिमायझेशन, म्हणजे एलटीओ, चालू असेल तर ऑब्जेक्ट फाइलींच्या नावांऐवजी तात्पुरत्या फाइलींची निरर्थक नावे दिसतात. म्हणून जागेचा शोध एलटीओ बंद ठेवून घ्यावा आणि अंतिम आकडा ते चालू करून पाहावा.

प्रश्न : आमचा कृषिपंपांचे मोबाइल स्टार्टर बनवण्याचा लहान उद्योग आहे. शेतावरून परत आलेल्या काही यंत्रांत हार्ड फॉल्टच्या, म्हणजे प्रोसेसर गंभीर चुकीत अडकल्याच्या, वेळचे रजिस्टर साठवलेले सापडतात. त्यांचा आणि मॅप फाइलीचा मेळ कसा घालावा? आणि जुन्या मॅप फाइली जपून ठेवाव्यात का?
— एक उद्योजक, जळगाव

उत्तर : विक्रीस गेलेल्या प्रत्येक आवृत्तीची ईएलएफ आणि मॅप फाइल आवृत्तीच्या क्रमांकासह जपलीच पाहिजे. तोच सोर्स कोड कंपायलरच्या वेगळ्या आवृत्तीने पुन्हा बांधला तर पत्ते सरकतात आणि मग शेतावरून आलेला पत्ता भलत्याच फंक्शनवर बोट ठेवतो.

समजा साठवलेला प्रोग्रॅम काउंटर (चालू सूचनेचा पत्ता) हेक्समध्ये ०८००३१६४ आहे. मॅप फाइलीत टेक्स्ट सेक्शनमधील नोंदी पत्त्यांच्या चढत्या क्रमाने असतात. ज्या फंक्शनचा पत्ता याहून कमी किंवा एवढाच आहे आणि ज्याच्या पुढच्या फंक्शनचा पत्ता याहून जास्त आहे, ते आपले फंक्शन. नेमकी ओळ हवी असेल तर ईएलएफ फाइल आणि हा पत्ता ‘अ‍ॅडर-टू-लाइन’ या साधनाला द्यावा. लिंक रजिस्टरमधील, म्हणजे फंक्शन संपल्यावर परतायचा, पत्ता शोधताना त्याचा शेवटचा बिट शून्य करून घ्यावा. थंब सूचनांची खूण म्हणून तो १ असतो, आणि मॅप फाइलीतील पत्ते त्या खुणेशिवाय असतात. प्रोग्रॅम काउंटर हेक्समधील २० ने सुरू होणारा, म्हणजे रॅममधला, निघाला आणि आपण रॅममधून कोड चालवत नसाल, तर एखादा फंक्शन पॉइंटर किंवा स्टॅकवरचा परतीचा पत्ता बिघडला आहे; अशा वेळी बंगळुरूच्या वाचकांना दिलेले उत्तर वाचावे.

आपण नेमके कोणते रजिस्टर साठवता हेही पाहून घ्यावे. फॉल्टच्या हँडलरमध्ये शिरल्यावर वाचलेला लिंक रजिस्टर सात वेळा एफ आणि शेवटी ९ अशा धाटणीचा असतो. तो पत्ता नसून परतण्याविषयीचा संकेत आहे आणि मॅप फाइलीत तो शोधून काही सापडणार नाही. कॉर्टेक्स-एम३ फॉल्ट येताच आठ शब्द स्टॅकवर ठेवतो : आर० ते आर३, आर१२, मूळ लिंक रजिस्टर, प्रोग्रॅम काउंटर आणि स्थितिदर्शक रजिस्टर. साठवायचे ते यांतील सहावे आणि सातवे.